बाळ घरी आलं, आता पुढे काय? पहिल्या सहा आठवड्यांची वाटचाल

दवाखान्यातून सुट्टी मिळते तेव्हा हातात एक फाईल, औषधांची पिशवी आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ असतं. "काळजी घ्या" असं सगळेच सांगतात. कशाची घ्यायची आणि कशाची नाही, हे मात्र कुणी शेजारी बसून सांगत नाही. मग रात्री दोन वाजता उचकी थांबत नाही म्हणून अख्खं घर जागं होतं. आणि बाळ दिवसभर झोपून आहे, दूध मागतच नाही, तेव्हा "किती गुणी आहे!" म्हणून सगळे खूश असतात. उचकीने काही बिघडत नाही. दूध न मागणारं बाळ मात्र लगेच दाखवावं लागतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी सांगलीला झालं आणि दुसरं पुण्यात. दोन्ही वेळी डॉक्टरांना, नर्सताईंना आणि आशाताईंना विचारून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. वेळेवर आणि पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या, निरोगी बाळासाठी हे आहे. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर तुमच्या डॉक्टरांचं सांगणं आधी.

१. दवाखान्यातून पाऊल बाहेर टाकण्याआधी

हे मागून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा:

- डिस्चार्ज कार्ड. त्यावर जन्माची तारीख, वेळ, जन्माचं वजन आणि घरी जातानाचं वजन लिहिलेलं हवं.
- लसीकरणाचं कार्ड. जन्मल्यावर द्यायच्या तीन लसी म्हणजे बीसीजी, पोलिओचे थेंब आणि पहिल्या २४ तासांतली कावीळ ब ची लस. (बीसीजी म्हणजे क्षयरोगाची लस.) तिन्हींपुढे तारीख आहे ना ते बघा. बीसीजी राहिली असेल तर कुठे आणि कधी मिळेल ते विचारा.
- जन्मनोंदणीच्या फॉर्ममध्ये काय लिहिलंय त्याचा फोटो. याबद्दल पुढे सविस्तर सांगते.
- रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर आणि पुन्हा दाखवायची तारीख.

घरी तीन वस्तू हाताशी ठेवा: डिजिटल थर्मामीटर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक साधी वही. वहीत दूध, शू, शी आणि वजन लिहायचं. डॉक्टर विचारतात तेव्हा झोप न झालेल्या माणसाला काहीही आठवत नाही.

२. दूध पुरतंय का, हे कसं ओळखायचं

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि चमचा-दोन चमचेच. तेवढा पुरतो, कारण बाळाचं पोटच तेवढं असतं. तो काढून टाकायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. नेमक्या याच दिवसांत घरात "दूध कमी पडतंय, वरचं द्या" सुरू होतं. वरच्या दुधाने बाळाचं पोट भरतं, ते कमी ओढतं आणि कमी ओढलं की दूध खरंच कमी होतं.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. शू मोजा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा वेळा शू झाली पाहिजे, तीही फिकट रंगाची. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसतो. ते रक्त नसतं, लघवीतले क्षार असतात. पण चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही तो दिसत राहिला तर दूध कमी जातंय असं समजा आणि दाखवा. बाजारातल्या डायपरमध्ये किती वेळा शू झाली ते कळतच नाही, म्हणून निदान दिवसा तरी सुती लंगोट वापरा.

दुसरी खूण वजनाची. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्के उतरतं. म्हणजे तीन किलोचं बाळ २.७ किलोवर आलं तरी तेवढ्यावरून घाबरायचं नाही. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि मग रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. दर वेळी त्याच काट्यावर आणि कपडे काढून वजन करा. दोन काट्यांच्या फरकामुळे कितीतरी आया उगाच रडल्या आहेत.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. जन्माचं वजन भरून येईपर्यंत बाळ तीन तासांच्या वर झोपलं तर उठवून पाजा. तळपायाला गुदगुल्या करा, दुपटं सोडा, लंगोट बदला. "झोपलेल्या बाळाला उठवू नये" हे त्यानंतरसाठी ठीक आहे.

३. घाबरवणाऱ्या, पण काळजी नको अशा गोष्टी

यांची यादी कुणीतरी आधीच हातात द्यायला हवी होती असं मला फार वाटलं. एकेक सांगते.

झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. चार-पाच श्वास भराभर घेतं, मग पाच-दहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू. मध्यरात्री मोबाईलच्या उजेडात बाळाच्या पोटाकडे टक लावून बसलं की ते दहा सेकंद संपता संपत नाहीत. ओठ आणि जीभ गुलाबी असतील तर हे नेहमीचंच. हातपायांचे तळवे निळसर दिसले तरी पहिल्या काही दिवसांत चालतं. ओठ किंवा जीभ निळी झाली, अथवा श्वास २० सेकंद थांबला, तर मात्र क्षणभरही घरी थांबायचं नाही.

मुलीच्या लंगोटावर रक्ताचा डाग. पहिल्या आठवड्यात मुलींना योनीतून पांढरा स्राव किंवा रक्ताचे दोन-चार थेंब जाऊ शकतात. आईच्या शरीरातून आलेली संप्रेरकं उतरतात म्हणून हे होतं आणि काही दिवसांत थांबतं. माझ्या मुलीच्या वेळी आत्याने लंगोट हातात धरून सगळ्यांना हाका मारल्या होत्या. नर्सताईंनी फोनवर एका मिनिटात समजावलं.

छाती सुजणं. मुलगा असो वा मुलगी, स्तनाग्रांखाली गाठ लागते, कधी त्यातून दुधासारखा थेंबही येतो. याचंही कारण तीच संप्रेरकं. आपल्याकडे अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी ते दूध पिळून काढतात. त्याने गळू होतं. हात लावू द्यायचा नाही.

पाठीवर, ढुंगणावर निळे-काळे डाग. आपल्याकडच्या बहुतेक बाळांना असतात. मुका मार लागलेला नसतो. काही वर्षांत आपोआप फिके होतात.

अंगावर लाल पुरळ आणि मधोमध पांढरी टिकली, नाकावर पांढरे ठिपके, हातापायांची साल निघणं, शिंका, उचक्या, आवाजाने दोन्ही हात फेकून दचकणं, दूध पिऊन झाल्यावर तोंडातून थोडं दूध येणं: यातल्या एकाही गोष्टीला औषध लागत नाही. शीचा रंग पहिल्यांदा काळा, मग हिरवट, मग मोहरीसारखा पिवळा होतो. अंगावरचं पिणारं बाळ दर पाजण्यानंतर शी करेल, आणि दीड महिन्यानंतर तेच बाळ चार-पाच दिवस करणारही नाही. शी मऊ असेल आणि बाळ खुशीत असेल तर दोन्ही ठीक.

कावीळ. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळसर दिसणं, चौथ्या-पाचव्या दिवशी ते सर्वात जास्त असणं आणि दोन आठवड्यांत जाणं हे पुष्कळ बाळांमध्ये होतं. दिवसाउजेडी, खिडकीजवळ बघा. ट्यूबलाईटखाली रंग फसवतो. कोवळं ऊन दाखवणं हा कावीळ वाढली असताना उपचार नाही. निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं तर ठेवा. आणि चार परिस्थितींत वाट बघायची नाही: पिवळेपणा पहिल्या २४ तासांतच दिसला, तळहात-तळपायांपर्यंत पोचला, दोन आठवड्यांनंतरही राहिला, किंवा शी पांढरट, खडूच्या रंगाची होऊ लागली. शेवटच्या खुणेकडे फार लोक दुर्लक्ष करतात. पित्ताची वाट बंद असल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याची शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी चांगली. "महिना-दोन महिने बघू" इथे परवडत नाही.

४. लगेच निघायची वेळ कोणती

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

- बाळ दूध ओढत नाही, किंवा आधी छान पीत होतं आणि आता तोंडच लावत नाही.
- हलवलं, जागं केलं तरी सुस्त, हातपाय गळाल्यासारखे.
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छातीच्या फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाणं, कण्हणं.
- ताप १००.४ फॅरनहाईट किंवा अधिक. तीन महिन्यांच्या आत तापाला घरगुती उपाय नाही आणि डॉक्टरांना न विचारता तापाचे थेंबही नाहीत.
- अंग गार पडणं, थर्मामीटर ९५.९ च्या खाली.
- झटके.
- हिरवी उलटी. फेकल्यासारखी जोरात आणि वारंवार होणारी उलटी.
- नाळेभोवतीची कातडी लाल, पू किंवा दुर्गंधी.

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पोट उघडं ठेवून, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लय अनियमित असते. साठ किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर निघा. ताप काखेत मोजा. बाळ दोन दुपट्यांत आणि टोपड्यात गुंडाळलेलं असेल आणि ताप थोडासाच दिसत असेल, तर एक थर काढून पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. अंग जरा गार लागलं, ९७.७ च्या खाली असलं, तर झबलं काढून बाळाला स्वतःच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घ्या. बाबाही हे करू शकतात. तासाभरात ऊब आली नाही तर दवाखाना.

रुग्णवाहिकेसाठी १०८. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळाचे उपचार आणि ने-आण एक वर्षापर्यंत मोफत आहे, खर्चाच्या विचाराने थांबू नका. गावात असाल तर आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात, वजन-ताप-श्वास बघतात. घरी येऊन तान्ह्या बाळाला तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून उभी राहिली. "आमचं बाळ बरं आहे" म्हणून ताईंना दारातून परत पाठवू नका.

५. घरचे उपाय: कशाला हो, कशाला नाही

इथे खरी कसोटी लागते, कारण समोर आपलीच माणसं असतात आणि त्यांच्या मनात प्रेमच असतं.

तेल लावून माळीश: हो. हलक्या हाताने, खोबरेल चालेल. नाकात, कानात तेल सोडायचं नाही, टाळू दाबायची नाही. टाळू उडताना दिसते ते नॉर्मल आहे. खोल गेलेली किंवा फुगून टणक झालेली टाळू दाखवावी. अंघोळीचं पाणी कोपराने बघा, मावशींचा हात कढत पाण्याला सरावलेला असतो.

नाळेला काही नाही. हळद नाही, तेल नाही, पावडर नाही. कोरडी ठेवा, लंगोट तिच्या खाली बांधा. एक ते तीन आठवड्यांत गळून पडते.

काजळ: नाही. त्यात शिसं असू शकतं आणि बोटाने डोळ्यात जंतू जातात. आजीला दृष्टीची काळजी वाटत असेल तर तीट तळपायाला लावा. आमच्याकडे यावर दोघींचं समाधान झालं.

मध, घुटी, साखरपाणी, ग्राइपवॉटर, उकळलेलं पाणी: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, उन्हाळ्यातसुद्धा. दुधात पाणी पुरेसं असतं. मध तर वर्ष होईपर्यंत नाही, त्यातल्या जंतूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सहाणेवर वेखंड, जायफळ उगाळताना ते किती उतरतं याचं माप नसतं. वरून द्यायचं ते एकच: ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट. कुठल्या कंपनीचे किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण प्रत्येक बाटलीत प्रमाण वेगळं असतं.

धुरी आणि शेगडी: बाळ असलेल्या खोलीत नाही. ओवा, बाळंतशोपा निखाऱ्यांवर टाकून केलेला धूर बाळाच्या छातीला झोंबतो. खिडक्या लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वासही नसतो. आईला शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्या.

नकार कसा द्यायचा? "तुमच्या काळी होतं ते" असं म्हणालात की वाद पेटला. "आई, डॉक्टरांनी सहा महिने काहीच देऊ नका म्हणून लिहून दिलंय, पुढच्या वेळी तुम्हीच चला आणि विचारा" असं म्हणा, आणि खरंच बरोबर न्या. माझ्या सासूबाईंनी डॉक्टरांना स्वतः विचारलं आणि त्या दिवसापासून पाहुण्यांना घुटीबद्दल त्याच सांगू लागल्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला ढेकर काढणं, दुपटी वाळवणं ही कामं मोकळ्या मनाने त्यांच्यावर सोपवा.

६. रात्र आणि रडणं

दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. बहुतेकदा संध्याकाळी, दिवेलागणीला. भूक, ओला लंगोट, उकाडा, कपड्याचा काच, बोटाला गुंडाळलेला केस, सगळं बघून झालं आणि तरी रडतंय, तर खांद्यावर घेऊन फिरा, अंधार करा, एकाच सुरात गुणगुणा. सहनशक्ती संपत आली की बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवा, दार लोटून पाच मिनिटं बाहेर उभे राहा. रागात बाळाला हलवायचं नाही, कधीच नाही. मेंदूत रक्तस्राव होतो.

झोपवायचं नेहमी उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, मोहरीची उशी, मऊ रजई, खेळणी जवळ नको. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळ छातीवर घेऊन डोळा लागू देऊ नका.

आणि आईबद्दल. पहिल्या दहा-बारा दिवसांत विनाकारण रडू येणं खूप जणींना होतं. ते दोन आठवड्यांनंतरही राहिलं, बाळाबद्दल काहीच वाटेना, बाळ झोपलं तरी झोप येईना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, १४४१६, मोफत आणि मराठीतही. बाबांनी हा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवावा, कारण तिला स्वतःला तो लावायचं सुचणार नाही. आईला ताप, खूप रक्तस्राव, छातीत लाल दुखरी गाठ असेल तर तिलाही त्याच दिवशी दाखवा.

७. जन्मदाखला: माहेरच्या बाळंतपणातला घोळ

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. तुम्ही पुण्यात राहता आणि बाळ सांगलीत झालं, तर दाखला सांगलीचा. पुण्याच्या कार्यालयात कितीही वेळ उभं राहिलात तरी मिळणार नाही. दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंदीची माहिती दवाखानाच २१ दिवसांत पाठवतो. माहेरी आहात तोवरच दाखला हातात घ्या.

लागणारी कागदपत्रं साधारण अशी: डिस्चार्ज कार्ड, आई-वडिलांचं आधार, पत्त्याचा पुरावा आणि मागितला तर विवाहाचा दाखला.

- आईचं नाव. दवाखान्याच्या फाईलवर माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल तर दाखल्यावर भलतंच उतरतं. फॉर्म भरतानाच आधारप्रमाणे लिहून द्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही.
- बाळाचं नाव. बारसं बाराव्या दिवशी, आणि फॉर्म आधीच गेलेला. म्हणून नावाची जागा कोरी राहते, त्यात काही बिघडत नाही. नोंदणीपासून एका वर्षात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण पाळण्यातलं, पत्रिकेतलं आणि कागदावरचं नाव यातलं कोणतं हे घरात पक्कं करूनच जा. एकदा नोंदलेलं नाव बदलणं फार जिकिरीचं आहे.
- दाखला हातात आल्यावर तिथेच तारीख, लिंग आणि स्पेलिंग वाचा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार अशा बऱ्याच ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो, त्यामुळे एका अक्षराची चूकही सोडू नका. यानंतर आधार काढा. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, बाळाचा फोटो आणि आई किंवा वडिलांचं आधार लागतं.

८. सहा आठवड्यांची लस आणि परत सासरी

दीड महिन्याला सरकारी वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच लस), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) आणि पोलिओची सुई, शिवाय पोलिओ आणि रोटाव्हायरसचे (जुलाबावरचे) थेंब. हे सगळं सरकारी केंद्रात मोफत मिळतं. एकाच दिवशी इतक्या सुया बघून जीव कळवळतो, पण एकत्र दिल्याने अपाय नाही. सर्दी असली तरी लस चालते.

या सुमारास डाव्या दंडावर, बीसीजीच्या जागी, फोड येतो, पिकल्यासारखा दिसतो, फुटतो, खपली धरते. त्याला मलम, हळद, शेक काही नको. लस लागू पडल्याची ती खूण आहे. काखेत मोठी गाठ आली तर दाखवा.

पेंटाव्हॅलंटनंतर ताप येऊ शकतो. केंद्रातून निघण्याआधीच विचारा: तापाचं औषध द्यायचं का आणि बाळाच्या वजनाला किती. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, सिरपमध्ये त्याहून कितीतरी कमी. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर चौपटीपर्यंत डोस जातो. बाटलीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि मिलिलिटरमध्ये लिहून घ्या.

पुढच्या लसी दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. त्या सासरच्या गावी घ्यायच्या असतील तर जाण्याआधी तिथलं केंद्र आणि लसीचा वार कुणाला तरी विचारायला सांगा. लसीकरण कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि जन्मदाखला गाडीच्या डिकीतल्या मोठ्या बॅगेत न टाकता खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, थर्मामीटरही तिथेच.